झिन्फँडेल : मूळ, नाव आणि स्वरूप

एखाद्या कृतीचे मूळ सापडले की तिचे स्वरूपही उलगडते, ही धारणा प्रभाव-अभ्यासात दीर्घकाळ वावरत आली आहे. तिची कसोटी साहित्याबाहेरच्या एका उदाहरणावर घेता येते. कॅलिफोर्नियातील झिन्फँडेल ही लाल वाइन ब्लॅकबेरी-रास्पबेरीची आठवण देणारी, काळ्या मिरीची झाक असलेली आणि चढ्या मद्यांशाची म्हणून ओळखली जाते. अमेरिकेने तिला आपली स्वतःची वाइन मानले. तिचे द्राक्ष मात्र बाहेरून आलेले आहे. ते आले कोठून, या प्रश्नाची उत्तरे आख्यायिका, दप्तर आणि जनुकशास्त्र या तीन साधनांनी दिली.

आख्यायिका सांगते की हंगेरीतून आलेल्या आगोश्तोन हरास्ती यांनी हे द्राक्ष कॅलिफोर्नियात आणले. हरास्ती हे सोनोमा येथील ब्युएना व्हिस्टा या द्राक्षमळ्याचे संस्थापक. १८६१ साली युरोपचा दौरा करून त्यांनी असंख्य कलमे आणली, हे खरे आहे. झिन्फँडेलचे श्रेय त्यांना देणारा दावा त्यांचे पुत्र आर्पाद यांनी पुढे आणला आणि तो बराच काळ इतिहास म्हणून वाचला गेला.

इतिहासकार चार्ल्स सलिव्हन यांनी दप्तरांच्या आधारे हा दावा खोडून काढला. हरास्ती अमेरिकेत पोचले १८४० साली; परंतु १८३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या विल्यम प्रिन्स यांच्या द्राक्षविषयक ग्रंथात या नावाशी जुळणाऱ्या काळ्या द्राक्षाची नोंद आहे. सलिव्हन यांच्या मते, लाँग आयलंडचे रोपवाटिकाचालक जॉर्ज गिब्ज यांनी व्हिएन्नाच्या शाही संग्रहातून ती कलमे मागवली असावीत. बॉस्टनच्या परिसरात हे द्राक्ष काचघरात, खाण्यासाठी, लावले जात असे. सोन्याच्या शोधात पश्चिमेकडे लोटलेल्या गर्दीमागोमाग, १८५० च्या दशकात, ते कॅलिफोर्नियात पोचले आणि तेथे त्याची वाइन झाली.

दप्तराने प्रवास सांगितला. जन्मस्थान सांगितले नाही. १९६७ साली वनस्पतिरोगतज्ज्ञ ऑस्टिन गोहीन यांना इटलीतील बारी येथे प्रिमितिव्हो या वाइनमध्ये झिन्फँडेलची चव जाणवली. दोन्ही द्राक्षे एकच असल्याचे १९९० च्या दशकात कॅरोल मेरेडिथ यांच्या डीएनए परीक्षणाने निश्चित केले. त्यानंतर दृष्टी एड्रियाटिक समुद्रापलीकडे, क्रोएशियाकडे वळली. तेथील प्लावत्स माली हेच मूळ असावे असा कयास होता. परीक्षणाअंती ते झिन्फँडेलचे अपत्य ठरले. अखेर २००१ मध्ये मेरेडिथ आणि झाग्रेब विद्यापीठाचे इव्हान पेयिच व एदी मालेतिच यांच्या संशोधनातून, स्प्लिटजवळील काश्तेल नोव्ही येथील त्सर्ल्येनाक काश्तेलान्स्की हे द्राक्ष झिन्फँडेलशी तंतोतंत जुळले. त्याच्या मोजक्याच वेली उरल्या होत्या. २०११ मध्ये, स्प्लिटमधील सुमारे नव्वद वर्षे जुन्या वाळवलेल्या नमुन्यावरून, पंधराव्या शतकापासून उल्लेखिलेले ‘त्रिबिद्राग’ हेच ते द्राक्ष असल्याचेही सिद्ध झाले.

येथे नावांचा विचार उद्बोधक ठरतो. ‘प्रिमितिव्हो’ म्हणजे लवकर पिकणारे; ‘त्रिबिद्राग’ या नावाचा उगमही ग्रीकमधील त्याच अर्थाच्या शब्दात असल्याचे मानतात. म्हणजे या दोन नावांत द्राक्षाचा गुणधर्म टिकला आहे. ‘झिन्फँडेल’ या नावात तसा अर्थ नाही. त्याचे साम्य ऑस्ट्रियातील त्सिअरफांडलर या वेगळ्याच, पांढऱ्या द्राक्षाच्या नावाशी दिसते. वाटेत कोठेतरी चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असावी. जगभर गाजले ते मात्र हेच नाव.

स्वरूपाचे काय? एकाच घोसात काही मणी मनुक्यासारखे सुकतात तेव्हा काही हिरवेच असतात. या विषम पिकण्यातून तिचा गोडसर, मुरंब्यासारखा भरीवपणा येतो. हा गुण वेलीचाच आहे. परंतु मणी किती पिकू द्यायचे, हे कॅलिफोर्नियाचे ऊन आणि तेथील वाइनकारांची अभिरुची ठरवते. याच द्राक्षापासून तेथे ‘व्हाइट झिन्फँडेल’ ही फिकट गुलाबी, गोड वाइनही लोकप्रिय झाली. बीज एक असूनही रूपे अशी निराळी होतात.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना हा क्रम परिचित वाटेल. येथे मूळ प्रतीने रूपांतराला ओळख दिली नाही. रूपांतराच्या कीर्तीमुळे विस्मरणात गेलेल्या मूळ प्रतीचा शोध घेतला गेला. जनुकीय पुरावा एकत्व सिद्ध करतो, दप्तर प्रवास दाखवते. स्वरूप मात्र स्वीकारणाऱ्या भूमीतच घडते. मूलशोधाचे मोल यामुळे उणावत नाही, त्याची मर्यादा तेवढी स्पष्ट होते.