मुंबईतील भाड्याच्या घराचे अंदाजपत्रक

मुंबईतील भाड्याच्या घराचे अंदाजपत्रक म्हणजे मुंबई महानगरात भाड्याने घर घेताना येणाऱ्या प्रारंभिक, मासिक व अप्रत्यक्ष खर्चांची पूर्वमांडणी होय. दरमहा द्यावयाचे भाडे हा या खर्चाचा सर्वांत मोठा भाग असला, तरी अनामत रक्कम, दलाली, करारनोंदणी, सामानाची वाहतूक व प्रवासखर्च यांचा विचार केल्याशिवाय घर परवडते की नाही हे ठरविता येत नाही.

पार्श्वभूमी

मुंबई भाडे नियंत्रण कायदा, १९४७ नुसार जुन्या घरांची भाडी साधारणतः १९४० च्या पातळीवर गोठविली गेली. भाडेकरूस घर सोडावयास लावणे कठीण झाल्याने मालक नवीन भाडेकरू ठेवण्यास कचरू लागले आणि एकरकमी पैसे घेऊन भाडेहक्क देण्याची ‘पागडी’ पद्धत रूढ झाली. १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्याने राहत असलेल्यांनाही भाडेकरूचे संरक्षण मिळाले. त्यामुळे मालकांची धास्ती अधिकच वाढली.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्यातील कलम २४ नुसार मुदत संपल्यावर घर रिकामे न करणाऱ्या परवानाधारकाकडून मालक सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत ताबा मिळवू शकतो व तोपर्यंत दुप्पट शुल्काची मागणी करू शकतो. आज मुंबईत नव्याने भाड्याने दिली जाणारी बहुतेक घरे ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणजेच अनुमती व परवाना करारानेच दिली जातात.

प्रारंभिक खर्च

घरात राहावयास जाण्यापूर्वी पुढील रकमा हाताशी असाव्या लागतात:

• अनामत रक्कम (डिपॉझिट) – साधारणतः काही महिन्यांच्या भाड्याइतकी. ती परत मिळणारी असते. केंद्र सरकारच्या आदर्श भाडेकरू कायद्यात (२०२१) निवासी घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची कमाल मर्यादा सुचविली आहे. मात्र राज्याने तो स्वीकारल्याखेरीज ती बंधनकारक ठरत नाही.
• दलाली – घर दलालामार्फत घेतल्यास साधारणतः एका महिन्याचे भाडे. कराराचे नूतनीकरण करतानाही काही दलाल रक्कम मागतात.
• मुद्रांक शुल्क – एकूण भाडे व परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर वार्षिक १० टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेच्या ०.२५ टक्के.
• नोंदणी फी – महानगरपालिका क्षेत्रात १,००० रुपये.
• इतर – टेम्पो, हमाली, किरकोळ दुरुस्ती व गृहोपयोगी वस्तू.

उदाहरण

दरमहा भाडे ३०,००० रुपये, अनामत १,००,००० रुपये व मुदत १२ महिने असे धरल्यास मुद्रांक शुल्काची आकारणी ३,७०,००० रुपयांवर, म्हणजे सुमारे ९२५ रुपये होते. अनामत, पहिले भाडे, दलाली (३०,००० रुपये), मुद्रांक शुल्क व नोंदणी फी मिळून पहिल्याच दिवशी सुमारे १,६२,००० रुपये, म्हणजे पाच महिन्यांच्या भाड्याहून अधिक रक्कम लागते.

दलाली व करारखर्च बारा महिन्यांत विभागल्यास दरमहा सुमारे २,६६० रुपये येतात. अनामत रकमेवर बँकेत ६ टक्के व्याज मिळाले असते असे मानल्यास आणखी ५०० रुपयांची भर पडते. म्हणजे ३०,००० रुपयांचे घर प्रत्यक्षात सुमारे ३३,१६० रुपयांस पडते. दरवर्षी घर बदलणाऱ्यास हा भार पुनःपुन्हा सोसावा लागतो.

मासिक खर्च

वीज व पाइप गॅसची देयके सामान्यतः राहणारा भरतो. सोसायटीचा देखभाल खर्च बहुधा मालकाकडे असतो. तथापि करारात तसा स्पष्ट उल्लेख असावा. घर भाड्याने दिल्याबद्दल गृहनिर्माण संस्था जे ‘ना-वापर शुल्क’ आकारते, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. काही मालक त्याचा भार भाडेकरूवर टाकतात. वाहनतळाचे शुल्क वेगळे असू शकते.

उत्पन्नाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत भाडे असावे, असा एक ढोबळ संकेत आहे. मुंबईत तो पाळणे अनेकांस शक्य होत नाही. म्हणून काहीजण घर वाटून घेतात, पेइंग गेस्ट म्हणून राहतात, तर काही विरार, बदलापूर किंवा कर्जतसारख्या दूरच्या ठिकाणी जातात. उपनगरी रेल्वेचा मासिक पास स्वस्त असला, तरी स्थानकापर्यंतचे रिक्षाभाडे व रोजच्या प्रवासात जाणारे तास हिशेबात धरावे लागतात.

पगारदारांस जुन्या करप्रणालीत घरभाडे भत्त्यावर आयकरात सवलत मिळते. मिळालेला भत्ता, भाड्यातून पगाराचे १० टक्के वजा जाता उरणारी रक्कम आणि मुंबईसाठी पगाराच्या ५० टक्के, यांपैकी सर्वांत कमी रक्कम करमुक्त असते. नव्या करप्रणालीत ही सवलत नाही.

करार व दक्षता

अकरा महिन्यांच्या करारास नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार मुदत कितीही असली तरी करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तसेच वाद उद्भवल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूने सांगितलेल्या अटी ग्राह्य धरल्या जातात. नोंदणी ऑनलाइनही करता येते.

बहुतेक वाद अनामत रकमेच्या परताव्यावरून होतात. त्यामुळे ती रोखीने न देता बँकेमार्फत देणे, करारात परताव्याची मुदत व कपातीची कारणे नमूद करणे, ताबा घेताना वस्तूंची यादी व छायाचित्रे ठेवणे आणि वीजमापकावरील आकडा नोंदविणे हितावह ठरते. मुदतीपूर्वी घर सोडता येणार नाही असा ‘लॉक-इन’ काळ व पूर्वसूचनेची मुदतही तपासावी. नोकरी बदलण्याची शक्यता असणाऱ्यांसाठी ही अट भाड्याच्या दराइतकीच महत्त्वाची असते.

मासिक भाडे अत्यल्प ठेवून मोठी अनामत घेण्याच्या ‘हेवी डिपॉझिट’ पद्धतीत मासिक भार कमी होतो. परंतु मालक आर्थिक अडचणीत आल्यास किंवा घर गहाण असल्यास संपूर्ण रक्कम अडकण्याचा धोका असतो.

हेही पहा

• पागडी पद्धत
• महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९
• चाळ
• सहकारी गृहनिर्माण संस्था