घाट, इंजिन आणि हमी : गाडीत फेरबदल केला की वॉरंटीचे काय होते?

१/ लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ ही ड्रॅग शर्यत भरते. पाव मैलाची, म्हणजे सुमारे ४०२ मीटरांची सरळ दौड. तेथे येणाऱ्या अनेक गाड्या मूळ स्वरूपात नसतात : कुणाचा टर्बो मोठा, कुणाचे सॉफ्टवेअर बदललेले. उद्या त्यांतल्या एखादीचा गिअरबॉक्स फुटला, तर खर्च कोणी सोसायचा? कंपनीने की मालकाने? या वादाला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. #थ्रेड

२/ प्रारंभ शेजारच्या बोरघाटातून करू. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत या घाटातून गाडीरस्ता खुला झाला. १८६३ मध्ये जीआयपी रेल्वे घाट चढून वर आली. सुमारे २५ किलोमीटरांत १,८३१ फुटांची चढण. सर्वांत तीव्र भागात ३७ फूट पुढे गेले की १ फूट वर.

३/ जड गाडी घेऊन हा चढ चढणे एकट्या इंजिनाच्या आवाक्याबाहेरचे. त्यावरचा रेल्वेचा उपाय आजही दिसतो. पुण्याकडे येणाऱ्या अनेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने लागतात. त्यांना ‘बँकर’ म्हणतात. जे इंजिन जेवढ्या ओझ्यासाठी बांधले, तेवढेच त्याच्याकडून घ्यायचे; अधिक हवे असेल तर दुसरे जोडायचे.

४/ गाडीचे ‘ट्यूनिंग’ याच्या अगदी उलट आहे. इंजिन तेच, मागणी अधिक. ईसीयू रीमॅप करून टर्बोचा बूस्ट वाढवला की सिलिंडरमधील दाब आणि उष्णता वाढते. पिस्टन, क्लच, गिअरबॉक्स मात्र जुन्याच टॉर्कच्या हिशेबाने घडवलेले असतात. कारखान्याने ठेवलेली सुरक्षिततेची शिल्लक आपण खर्च करू लागतो. वॉरंटी उभी असते ती याच शिलकीवर.

५/ आता कायद्याकडे वळू. जुना इंग्रजी दंडक असा : घेणाऱ्याने पारखून घ्यावे, नंतर तक्रार नको. भारतातील १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम १६ याच दंडकापासून सुरू होते आणि लगेच त्याला अपवाद जोडते. त्याच कायद्याचे कलम १२ वॉरंटीची व्याख्या करते : कराराच्या मुख्य हेतूला पूरक असलेली शर्त. ती मोडली तर भरपाई मिळते. पण तेवढ्यावरून माल नाकारता येत नाही.

६/ मोटारीने हा दंडक हलवला. १९१६ चा मॅकफर्सन विरुद्ध ब्युइक खटला घ्या. लाकडी चाकाचे आरे मोडले, मालक जखमी झाला. कंपनीचा बचाव असा : गाडी त्याने विक्रेत्याकडून घेतली, आमचा त्याच्याशी करारच नाही. शिवाय चाक दुसऱ्याच कारखान्यात बनलेले. न्यूयॉर्कचे न्यायमूर्ती कार्डोझो यांनी हा बचाव फेटाळला. तयार गाडी बाजारात आणणाऱ्याने ती तपासली पाहिजे, असा त्यांचा निर्णय होता.

७/ पुढचा टप्पा १९६० चा, न्यू जर्सीतील हेनिंगसेन खटला. नवी प्लिमथ गाडी, खरेदीला जेमतेम दहा दिवस, आणि स्टिअरिंग निकामी. वॉरंटीच्या बारीक अक्षरांत लिहिले होते : ९० दिवस किंवा ४,००० मैल, आणि तेही फक्त सदोष भाग बदलून देऊ. न्यायालयाने सांगितले, अशा छापील अटींआड कंपनीला जबाबदारी टाळता येणार नाही.

८/ जबाबदारी वाढली, तशी कंपन्यांनी कुंपणे घातली. आज बहुतेक वॉरंटी पुस्तिकांत दोन अपवाद हमखास आढळतात : गाडीत केलेला फेरबदल आणि शर्यतीतील वापर. मग प्रश्न आला : मालकाने बाहेरचा एक भाग लावला, तर संपूर्ण वॉरंटी रद्द करता येते का?

९/ अमेरिकेने १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने याचे उत्तर दिले. अमुकच कंपनीचे भाग वापरा, नाहीतर वॉरंटी नाही, अशी अट सर्वसाधारणपणे घालता येत नाही. मात्र बाहेरच्या भागामुळेच बिघाड झाला असेल, तर तेवढ्या दुरुस्तीस कंपनी नकार देऊ शकते. वादाचे केंद्र ‘फेरबदल केला का?’ यावरून ‘बिघाड त्यामुळेच झाला का?’ याकडे सरकले.

१०/ मग गाडीच स्वतःची साक्षीदार झाली. २००८ मध्ये अमेरिकेत आलेल्या निसान जीटी-आरची गोष्ट प्रसिद्ध आहे. व्हीडीसी ही स्थिरता-प्रणाली बंद ठेवून चालवताना झालेले नुकसान वॉरंटीबाहेर, अशी तिची अट होती. आणि ती केव्हा बंद केली याची नोंद गाडीच ठेवत असे. गिअरबॉक्सवरून वाद पेटले. पुढे निसानने सॉफ्टवेअर बदलले.

११/ भारतात मॅग्नसन-मॉससारखा स्वतंत्र वॉरंटी कायदा नाही. येथे आधार दोन : वॉरंटीचा करार आणि ग्राहक संरक्षण कायदा (१९८६, नंतर २०१९). दोष चाचणीवाचून ठरत नसेल, तर ग्राहक आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. पण २०१९ च्या कायद्याचे कलम ८७ नीट वाचा : इजा झाली त्या वेळी वस्तूत बदल केलेला असेल, तर विक्रेत्याविरुद्ध उत्पादन-दायित्वाचा दावा चालत नाही.

१२/ दुसरा पहारेकरी मोटार वाहन कायदा, १९८८. कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जयचंद्र प्रकरणात हेच बजावले. मान्यताप्राप्त सीएनजी किटसारखे अपवाद आहेत. बेकायदा बदलास कलम १८२अ प्रमाणे प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

१३/ दोन उदाहरणांनी हे स्पष्ट होईल. एका गाडीला बाहेरचा एक्झॉस्ट आहे आणि तिच्या खिडकीची मोटर बंद पडली. दोहोंचा संबंध नाही. येथे मालकाची बाजू भक्कम. दुसरीचे सॉफ्टवेअर रीमॅप केलेले आणि तिचा टर्बो जळाला. येथे कंपनीला फारसे बोलावेच लागत नाही. ईसीयूत बदलाच्या खुणा उरतात. सर्व्हिसपूर्वी जुने सॉफ्टवेअर परत टाकले, तरी त्या पुष्कळदा सापडतात.

१४/ म्हणून गाडीला हात लावण्यापूर्वी वॉरंटी पुस्तिकेतील अपवादांचे पान वाचावे. कंपनीमान्य भाग असतील, तर लेखी खात्री घ्यावी. विमा कंपनीला कळवावे. आणि शर्यतीत उतरायचेच असेल, तर त्या दिवशीचे इंजिन आपल्याच खिशातले आहे, असे समजून उतरावे.

१५/ पुढच्या खेपेस पुण्याच्या गाडीत बसलात, तर कर्जतला क्षणभर लक्ष द्या. मागून एक हलका धक्का बसेल. बँकर जोडला गेला. शक्ती वाढवण्याची ही रीत दीडशे वर्षांहून जुनी आहे, आणि तिच्यात पुढच्या इंजिनाला कोणी हातही लावत नाही. (समाप्त)