बंदराची राखण

आपल्या आदिलाबादला समुद्र नाही. पैनगंगा आहे, कापसाचा बाजार आहे. तरी बंदराच्या राखणीची गोष्ट आपल्याला परकी नाही. आपण व्यापारी माणसं. बंदर शाबूत तर पेढी शाबूत, हे आपल्या वाडवडिलांना कुणी शिकवावं लागलं नाही.

मुंबई बंदर इंग्रजांना मिळालं ते चक्क आंदणात! पोर्तुगालच्या राजकन्येचं लग्न इंग्लंडच्या राजाशी ठरलं, तेव्हा १६६१ च्या तहात मुंबई देण्याचं कबूल झालं. १६६८ मध्ये राजानं ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली.

या बंदराच्या तोंडाशी, थळच्या किनाऱ्यासमोर, खांदेरी नावाचं छोटं बेट आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारी यांच्या हाताखाली तिथं माणसं उतरवली आणि तटबंदीचं काम सुरू केलं. दारासमोर किल्ला उठतोय म्हटल्यावर इंग्रज घाबरले. त्यांनी जहाजं पाठवून बेटाची नाकेबंदी केली. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या आरमारानं त्यांच्यावर हल्ला करून 'डव्ह' नावाचं जहाज पकडलं. 'रिव्हेंज' या मोठ्या जहाजाच्या तोफांपुढे मराठी होड्यांना मागं हटावं लागलं, हेही खरं.

मग बेट टिकलं कसं? वाऱ्यावर विसंबलेल्या जहाजांना चुकवत, उथळ पाण्यातून वल्ही मारत लहान होड्या रसद पोचवत राहिल्या. बेटावरची माणसं तट बांधत राहिली, पहारा देत राहिली. १६८० उजाडल्यावर इंग्रजांनी नाद सोडला.

त्यानंतर ३२८ वर्षांनी, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, दहा अतिरेकी एका रबरी होडीतून मुंबईच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरले. नौदलाकडे मोठमोठ्या युद्धनौका होत्या. पण होडी लहान होती, आणि ती निसटून आली. १६६ जणांचा जीव गेला.

म्हणून २००९ मध्ये नौदलात 'सागर प्रहरी बल' उभं करायचं ठरलं. सुमारे हजार जवान आणि ऐंशी वेगवान होड्या, अशी ती योजना. नौदलाचे 'मार्कोस' कमांडो १९८७ पासून आहेत, पण ते चढाई करणारे. प्रहरींचं काम राखणीचं. नौदलाचे तळ, गोदी, नांगरलेली जहाजं, आजूबाजूचं पाणी यांच्यावर रात्रंदिवस गस्त घालायची.

मैत्रिणींनो, हे काम आपल्याला चटकन कळेल. घर नीट चाललं तर कुणाच्या लक्षात येत नाही. एक दिवस चुकलं की सगळ्यांना दिसतं. पहारेकऱ्याचंही तसंच. त्याची रात्र सरळ गेली तर वर्तमानपत्रात एक ओळ छापून येत नाही.

इतिहासही असाच लिहिला जातो. लढाईची तारीख राहते, जागरणाची राहत नाही. २०२५ मध्ये खांदेरीचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशात आलं. मुलांना घेऊन अलिबागकडे गेलात तर ते बेट जरूर दाखवा. दौलतखानाची लढाई सांगाच, पण अंधारात वल्ही मारून धान्य पोचवणारी माणसंही सांगा. त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, पण बेट राखलं ते त्यांनीच.