आयर्नमॅनचे आकडे

डिसेंबरच्या सुट्टीत मालवणला गेलो होतो. सकाळी चिवला बीचवर जेमतेम अर्धा तास पोहलो, मग सायकल काढली, तर पहिल्याच चढाला मांड्यांनी संप पुकारला. तेव्हा हवाईतले ते आयर्नमॅनवाले वेडे आठवले.

३.८६ किमी पोहणं, १८० किमी सायकल, ४२.२ किमी धावणं. हे आकडे कुणा शास्त्रज्ञाने काढले असतील असं मला कैक वर्षं वाटायचं. कसलं काय! १९७७ साली ओआहू बेटावर वाद रंगला, दमदार कोण? पोहणारे की धावणारे? अमेरिकन नौदलातल्या जॉन कॉलिन्सने मधेच एडी मर्क्सचं नाव काढलं, म्हणजे सायकलवालेही आले. मग त्याने बेटावरच्या तीन वेगवेगळ्या शर्यती एकाच दिवसात जोडून टाकल्या. (आमच्या कोडमध्येही असे आकडे राहून जातात, पुढे त्यांना हात लावायची कुणाची छाती होत नाही.)

१८ फेब्रुवारी १९७८ ला १५ जण उतरले, १२ पोचले. जॉन डनबार पुढे होता, पण धावताना त्याच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला चक्क बिअर पाजली! गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत जिंकला, डनबार अर्ध्या तासाहून जास्त मागे.

मी मुकाट्याने टपरीवर थांबलो आणि बाटली भरून घेतली.