एकादशीची गुडदाणी

मंगळवेढ्याला आमच्या घरात ‘चिक्की’ हा शब्द उशिरा आला. चिक्की म्हणजे लोणावळ्याची, पुठ्ठ्याच्या खोक्यातली. घरी व्हायची ती गुडदाणी. आषाढात कर्नाटकातून पंढरपूरला निघालेल्या दिंड्या गावातून जायच्या. त्याआधी दोन दिवस आजी चुलीपुढे बसायची. एक पाटी वारकऱ्यांना वाटायला, एक डबा घरच्या एकादशीला.

मी तेव्हा पुण्यात इतिहास शिकत होतो. नवं वाचलेलं घरी येऊन सांगायची खोड होती. आजी ताटात वड्या पाडत असताना म्हणालो, “आजी, शेंगा फिरंग्यांनी आणल्या. दामाजीपंतांनी कोठार उघडलं ना, त्यात शेंगेचा एक दाणा नव्हता. तुझ्या उपासाला ह्या कशा चालतात?”

तिने विचारलं, “खरं सांगतोस?”

“पुस्तकात आहे.”

ती काही बोलली नाही. वड्या डब्यात भरून झाकण लावलं. त्या एकादशीला तिने भगर आणि ताक घेतलं. पुढची अकरा वर्षं, जाईपर्यंत, ती दर आषाढीला गुडदाणी करत राहिली. उपासाला स्वतः मात्र कधी खाल्ली नाही.

मी सांगितलं त्यात चूक काही नव्हतं. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचेपर्यंत आपल्याकडे तो कुणाला ठाऊक नव्हता. बिदरच्या बहामनी सुलतानाचे मंगळवेढ्याचे अधिकारी दामाजीपंत पंधराव्या शतकातले. दुष्काळात त्यांनी लोकांसाठी सरकारी धान्य खुलं केलं, ही कथा आमच्याकडे पोरांनाही पाठ असते. त्या कोठारात ज्वारी असणार. आमची काळी, भारी जमीन आजही ज्वारीचीच. भुईमुगाचं फूल वर फुलतं, मग त्याच्या आऱ्या खाली वळून जमिनीत शिरतात आणि शेंग तिथे धरते. त्याला भुसभुशीत रान लागतं. चिकट काळ्या रानात उपटायला गेलं की निम्म्या शेंगा जमिनीतच राहतात. म्हणून आजीच्या शेंगा बाजारातून यायच्या.

भुईमूग आपल्याकडे एकाच वाटेने आला नसावा, असं त्याच्या नावांवरून वाटतं. तमिळमध्ये त्याला मनिलाचं बी म्हणतात, बंगालीत चिनी बदाम. आपण मात्र त्याला ओळखीच्या मुगाचं नाव दिलं, आणि सोलापूर भागात तर नुसतं ‘शेंगा’ म्हटलं. उत्तर कर्नाटकातही हाच शब्द. पीक म्हणून तो मोठा झाला एकोणिसाव्या शतकात. फ्रान्समधल्या मार्सेच्या साबण-तेलाच्या कारखान्यांना भुईमूग हवा होता. तो पश्चिम आफ्रिकेतून जाई, तसा पाँडिचेरीकडूनही जाऊ लागला. आमच्या भागातलं जुनं तेल करडईचं. शेंगेची चटणी, शेंगेची पोळी, ज्यांच्यावाचून सोलापूर ओळखू येत नाही, ती तुलनेने अलीकडची म्हणायला हवीत.

पण मी अर्धंच वाचलं होतं. पुढे उपासाचं ताट एकेक करून तपासलं. बटाटा अमेरिकेतला. रताळं तिकडचं. हिरवी मिरची तिकडची. आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो तिकडचा. राजगिरासुद्धा. त्या ताटात जुनी म्हणावी अशी भगर, दूध-ताक आणि गूळ. बाकी सगळे पाहुणे.

मग ते सोवळ्यात शिरले कसे? मला वाटतं, एकादशीला वर्ज्य होतं ते धान्य. तांदूळ, गहू, ज्वारी, डाळी यांची नावं मनाईत पक्की होती. नव्या आलेल्यांची नावं कुठेच नव्हती, म्हणून त्यांना कुणी अडवलं नाही. भुईमूग खरं तर द्विदल, मुगा-हरभऱ्याच्या कुळातला. तरी तो दाणा म्हणून आत आला आणि मूग बाहेर राहिला.

हे लक्षात आलं तेव्हा मला आमच्या वेशीजवळचे चोखोबा आठवले. मंगळवेढ्याचं गावकुसू बांधताना ते कोसळलं आणि त्याखाली चोखामेळा गेले; परंपरा ते साल १३३८ देते. त्यांची समाधी पंढरपूरला, देवळाच्या पायरीपाशी. बावीस-पंचवीस किलोमीटरवरच्या माणसाला पायरीपर्यंतच जागा होती. सातासमुद्रापलीकडचा दाणा मात्र थेट देवघरात गेला, आणि त्यासाठी कुणाला काही करावं लागलं नाही. चोखोबांच्या लोकांना ते दार उघडावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं.

आजीला हे मी सांगितलं नाही. साबुदाण्याचं, रताळ्याचंही नाही. सांगितलं असतं तर तिच्या ताटात काय उरलं असतं? खरं म्हणजे मला भीती दुसरीच होती. ती विचारेल, “मग तेव्हा फक्त शेंगांचंच का सांगितलंस?” ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वस्तू कधी आली हे मला कळलं होतं. ती आपली कधी झाली, हे आजीला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

आता आषाढात गुडदाणी मी करतो. दोन वाट्या दाणे मंद आचेवर भाजायचे, सालं चोळून सुपात पाखडायची. दीड वाटी गूळ, चमचाभर तूप. गूळ चिक्कीचाच हवा. साध्या गुळाची वडी दाताला चिकटते. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा. बोटाने मोडताना कट्ट वाजला की खाली उतरवायचं, त्याआधी नाही. दाणे घालून तूप लावलेल्या ताटावर ओतायचं, लाटण्याने पसरायचं आणि गरम असतानाच रेघा मारायच्या.

पहिली तीन वर्षं माझी घाई झाली. वड्या मऊ राहिल्या. तरी वारकऱ्यांनी नेल्या. यंदा वाजली. एक पाटी दिंडीला गेली. डब्यातली मी एकादशीला खाल्ली.