रंग डोळ्यांत नसतो

माझ्या अम्मीला पक्षाघाताचा झटका आला होता. त्यातून ती चालती-बोलती झाली. पण एके दिवशी आवडती हिरवी ओढणी हातात धरून ती म्हणाली की ही राखेसारखी दिसते. आम्ही म्हटलं, मोतीबिंदू असणार. शस्त्रक्रिया झाली, ती पुन्हा सुईत दोरा ओवू लागली; रंग मात्र परतले नाहीत. वयोमानानं काहीबाही बोलते, असं आम्हीच ठरवून टाकलं.

अशीच तक्रार स्वित्झर्लंडमध्ये एका साठ वर्षांच्या बाईनं केली होती, हे मी पुष्कळ नंतर वाचलं. समोर पाहताना तिला उजवीकडचं सारं करडं दिसे आणि डावीकडचं रंगीत. तिच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला, तेव्हा डाव्या अर्ध्या भागात, मागे आणि खालच्या बाजूला इजा आढळली. नेत्रतज्ज्ञ लुई व्हेरे यांनी १८८८ मध्ये अनुमान मांडलं, की रंगांसाठी मेंदूत स्वतंत्र जागा आहे.

श्रोतेहो, हे सहज कुणी मानलं नाही. पहिल्या महायुद्धात डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांना तपासणारे ब्रिटिश मज्जातज्ज्ञ गॉर्डन होम्स यांना रंगांची अशी वेगळी हानी आढळली नाही. त्यांच्या शब्दाला वजन होतं. व्हेरेंचं निरीक्षण अडगळीत पडलं.

ते बाहेर यायला माकड कारणी लागलं. उत्तर भारतात छपरांवर दिसणाऱ्या लाल तोंडाच्या ऱ्हीसस माकडाच्या डोळ्यांत आपल्यासारख्याच तीन प्रकारच्या रंगग्राही शंकुपेशी असतात. १९७३ मध्ये लंडनच्या सेमिर झेकी यांना त्याच्या मेंदूच्या ‘व्ही-४’ नावाच्या भागात विशिष्ट रंगांनाच प्रतिसाद देणाऱ्या पेशी सापडल्या. १९८९ मध्ये त्यांच्या चमूनं निरोगी माणसांना आधी रंगीत आणि मग तीच करडी आकृती दाखवली. रंग पाहताना मेंदूच्या मागच्या खालच्या भागात रक्तप्रवाह वाढला. व्हेरेंनी दाखवलेला भाग तोच!

डोळा फक्त प्रकाश टिपतो. सकाळचं ऊन वेगळं, दिव्याचा उजेड वेगळा. तरी आंब्याचं पान हिरवंच दिसतं. कारण आजूबाजूच्या प्रकाशाशी तुलना करून मेंदू रंग ठरवतो.

माणूस आणि माकड यांचे मेंदू तंतोतंत सारखे मात्र नाहीत. ‘व्ही-४’ला इजा होऊनही माकडं बरेचसे रंग ओळखतात, त्याच्या पुढच्या भागाला इजा झाली, तर जास्त नुकसान होतं. २०१६ मध्ये अमेरिकी संशोधकांना मात्र दोघांतही एक साम्य दिसलं. चेहरे ओळखणारा आणि स्थळं ओळखणारा, अशा दोन भागांच्या मधोमध रंगांच्या जागा आहेत.

अम्मीचा मेंदू त्या दृष्टीनं कुणी तपासला नाही. तिचं नेमकं हेच झालं होतं, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण कवितेत रंगांची उधळण करणाऱ्या मला तिच्याजवळ बसून एवढं विचारता आलं असतं, की ओढणी राखेसारखी, तर मग मिरची आता कशी दिसते गं? ते मी विचारलं नाही.