इंजिन बंद पडणारच, असं धरून

विमान वाहतुकीचा इतिहास म्हणून बहुतेकदा इंजिनाचाच इतिहास सांगितला जातो. इंजिनं भरवशाची झाली, मग टपाल आलं, मग प्रवासी आले. हा क्रम ऐकायला सोपा, पण खरा नाही. १९ जुलै १९०९ रोजी ह्यूबर्ट लॅथम इंग्लिश खाडी ओलांडायला निघाला आणि इंजिन बंद पडल्यामुळे वाटेतच पाण्यावर उतरला. सोडवायला आलेल्यांना तो तरंगत्या विमानावर निवांत सिगारेट ओढत बसलेला दिसला. सहाच दिवसांनी लुई ब्लेरियो पैलतीरी पोचला, पण त्याचं २५ अश्वशक्तीचं अँझानी इंजिनही तापण्यासाठी बदनाम होतं. दोघांमधलं अंतर इंजिनापेक्षा नशिबाचं होतं, आणि नशिबाच्या हवाल्यावर वेळापत्रक छापता येत नाही. माझं म्हणणं असं की हवाई टपालाचा धंदा उभा राहिला तो इंजिन कधीतरी दगा देणारच, असं धरून जमिनीवर केलेल्या बंदोबस्तामुळे.

ब्रिटिश हवाई दलाने १९२१ साली कैरो-बगदाद टपाल सुरू केलं, तेव्हा आधी वाळवंटात मोटारगाड्या घातल्या. त्यांच्या चाकोऱ्या हीच वैमानिकाची वाट. जिथे चाकोरी उमटेना तिथे नांगराने तास ओढला आणि जागोजागी उतरण्याची मैदानं आखून त्यांच्यावर खुणा केल्या. कुणी म्हणेल, हे सगळं रस्ता चुकू नये म्हणून होतं. होतंच, पण नुसता रस्ता दाखवायला इतकी मैदानं लागत नाहीत. शिवाय त्या रेघेच्या कडेला उतरलेलं विमान शोधपथकाला सापडे, रेघ सोडून उतरलेलं सापडेलच असं नसे. फ्रेंचांनी सहारात वेगळी युक्ती केली. डाकारकडे जाणारी ब्रेगे १४ विमानं ते जोडीने पाठवत. एकाचं इंजिन थांबलं की दुसऱ्याने शेजारी उतरायचं, टपाल आणि माणसं उचलायची. स्थानिक टोळ्यांशी बोलायला दुभाषाही बरोबर असे. तरीही १९२६ मध्ये तिथे वैमानिक मारले गेले. बंदोबस्त तोकडा पडला याचा हा पुरावा आहे, पण ज्यांनी तो केला त्यांनी इंजिनावर किती विसंबायचं ठरवलं होतं, याचाही.

आपल्याकडची साक्ष आणखी जवळची आहे. १९३० साली आगाखान पारितोषिकासाठी भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये एकट्याने उडणाऱ्या तरुणांत जे. आर. डी. टाटा आणि अस्पी इंजिनियर होते. दोघे विरुद्ध दिशांनी निघालेले, गाठ पडली इजिप्तमधल्या अबुकीरला. अस्पी स्पार्क प्लगवाचून अडकला होता. जेआरडींनी आपल्याजवळचे जादा प्लग दिले आणि पारितोषिक अस्पीने जिंकलं. खिलाडूपणाची गोष्ट म्हणून ही नेहमी सांगितली जाते. मला त्यातली दुसरी बाजू जास्त बोलकी वाटते: शर्यतीच्या विमानात वजनाचा हिशेब काटेकोर असतानाही जादा प्लग बरोबर घेणं शहाणपणाचं ठरत होतं.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले, ते पुस मॉथ या एका इंजिनाच्या विमानातून. इथे आक्षेप रास्त आहे. इंपीरियल एअरवेजने कैरोच्या पूर्वेला १९२७ पासूनच तीन इंजिनांची हर्क्युलिस विमानं लावली होती. मग एका इंजिनावर टपाल नेणं हे धाडसच नव्हे काय? पण जादा इंजिनाचा उपयोग उरलेल्यांवर उंची टिकत असेल तरच. त्या काळच्या कित्येक दुइंजिनी विमानांना ते जमत नसे. त्यांच्यात बिघाडाची शक्यता तेवढी दुप्पट होई. उलट मॉथ जातीची विमानं हलकी आणि सावकाश उतरणारी. उतरण्याचा वेग निम्मा झाला तर आदळण्याची ऊर्जा चौथाईवर येते. पुस मॉथच्या चाकांच्या दांड्यांवरचं आवरण वैमानिकाला आतून काटकोनात फिरवता येई. ते वाऱ्याला आडवं झालं की लांबवर तरंगत जाणारं विमान लवकर खाली येई आणि आखूड मैदानातही बसे. या विमानाची बदनामी झाली ती इंजिनामुळे नव्हे, हवेतच पंख मोडून झालेल्या अपघातांमुळे. इंजिन थांबल्यावर मैदान शोधायला निदान काही मिनिटं मिळतात. पंख मोडल्यावर तीही नाहीत.

इंजिनं सुधारली नाहीत असं मी म्हणत नाही. १९२०च्या दशकाच्या शेवटीच पुस मॉथ बनवणाऱ्या डी हॅविलंडने आपलं जिप्सी इंजिन सीलबंद करून ६०० तास उडवून दाखवलं, आणि अशा इंजिनाशिवाय टाटांचा हिशेब जुळला नसता. माझ्या युक्तिवादाची खरी अडचण मात्र सह्याद्रीत आहे. पावसाळ्यात जुहूचं मैदान निकामी होई, म्हणून टपाल पुण्याला उतरवत. घाटावर ढग टेकलेले असताना खाली दऱ्या, कातळ आणि तुडुंब भरलेली भातखाचरं. चाक रुतून विमान उलटं व्हायला एक खाचर पुरे. तिथे कसलाच बंदोबस्त शक्य नव्हता. तिथे वैमानिक खरोखरच इंजिनाच्या भरवशावर होता.

बाकी सगळीकडे जुनी रीत अजून चालू आहे. शिकाऊ वैमानिकाचा शिक्षक आजही न सांगता थ्रॉटल मागे ओढतो. विद्यार्थ्याने आधी नाक खाली करून वेग सांभाळायचा, वारा पाहून शेत निवडायचं, आणि मगच पेट्रोलची टाकी, कार्ब्युरेटरमधला बर्फ, मॅग्नेटो तपासायचं. सेस्ना १७२ ला हजार फुटांमागे जेमतेम पावणेतीन किलोमीटर मिळतात. उड्डाण होताहोताच इंजिन गेलं तर तेवढेही नाहीत. अशा वेळी धावपट्टीकडे वळण्याचा मोह आवरून, समोर जे रान दिसेल त्यात विमान उतरवायला शिकवतात.